आधी अर्थिंग, मग सोल्डरिंग

बेंगळुरूच्या जुन्या बाजारपेठेतील एस. पी. रोड, म्हणजे सदर पत्रप्पा रोड, हा इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांसाठी दूरवर ओळखला जाणारा बाजार आहे. मोबाइल दुरुस्त करणारे कारागीर, अभियांत्रिकीचे विद्यार्थी, पीण्यासारख्या औद्योगिक वसाहतींतील लहान उद्योजक आणि घरच्या टेबलावर सर्किट जोडणारे हौशी प्रयोगकर्ते या साऱ्यांची हत्यारे अशा बाजारांतून किंवा ऑनलाइन विक्रीतून येतात, आणि त्यांत चीनमध्ये तयार झालेल्या स्वस्त उपकरणांचा भरणा मोठा असतो. तापमान नियंत्रित करणारे सोल्डरिंग स्टेशन, मोबाइलच्या बोर्डावरील बारीक भाग उचलण्यासाठी लागणारा गरम हवेचा ब्लोअर, टेबलावरचा पॉवर सप्लाय आणि डिजिटल मल्टिमीटर ही उपकरणे नामांकित कंपन्यांच्या तुलनेत इतक्या कमी किमतीत मिळतात की, थोडक्या भांडवलावर दुकान थाटू पाहणाऱ्या तरुणाला ती अक्षरशः रोजगार मिळवून देतात. हा लाभ खरा आहे आणि तो कमी लेखण्याचे कारण नाही.

प्रश्न आहे तो किंमत उतरवताना काय वगळले गेले याचा. या उपकरणांचे मूळ काम बहुधा समाधानकारक असते, कारण तापमान नीट येत नसेल तर ग्राहकाच्या ते पहिल्याच दिवशी ध्यानात येते. वगळले जातात ते भाग, ज्यांची उणीव वापरताना जाणवत नाही: अर्थिंगची पक्की जोडणी, योग्य फ्यूज, वीज पूर्णपणे तोडणारा स्विच आणि घरगुती विजेचा भाग कमी व्होल्टेजच्या भागापासून दूर ठेवणारे अंतर. हे भाग महाग नाहीत आणि ते बसवण्याचे कौशल्य सोल्डरिंग करणाऱ्या बहुतेकांकडे मुळातच असते. म्हणून स्वस्त हत्यार विकत घेण्यात गैर काही नाही. ते उघडून, तपासून आणि दुरुस्त करून मगच वापरावे, एवढाच नियम पाळला पाहिजे. जी अखेरची तपासणी कारखान्यात व्हायला हवी होती, ती वापरणाऱ्याने स्वतः करावी किंवा जाणकाराकडून करून घ्यावी.

विजेचे शहर आणि बिनतपासणीची हत्यारे

बेंगळुरूचा विजेशी संबंध जुना आहे. कावेरीवरील शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्रातून १९०२ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज गेली आणि १९०५ मध्ये तीच वीज बेंगळुरूच्या रस्त्यांवर आली. मराठी वाचकांना परिचित असलेल्या किर्लोस्कर घराण्याने १९४६ मध्ये याच शहरात किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी स्थापन केली, त्यापाठोपाठ १९४८ मध्ये इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज आणि १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स हे सार्वजनिक उद्योग उभे राहिले, आणि विद्युत उपकरणांचे संशोधन व चाचणी करणारी केंद्रीय विद्युत संशोधन संस्था १९६० मध्ये येथेच स्थापन झाली. म्हणजे विजेची सामग्री बनवण्याचे आणि पारखण्याचे मोठे शास्त्र या शहरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहे. मात्र अशा संस्थांकडे उत्पादक आपला माल चाचणीसाठी पाठवतात; बाजारातून सुटे विकत घेतलेले एखादे सोल्डरिंग स्टेशन तपासून घेण्यासाठी कारागीर तेथे जात नाही, आणि त्याने जावे अशी अपेक्षाही रास्त नाही. त्यामुळे एकाच शहरात एकीकडे काटेकोर प्रयोगशाळा आणि दुसरीकडे कोणीच न तपासलेली हत्यारे असे चित्र दिसते. थोड्याफार फरकाने पुण्याच्या पासोड्या विठोबाच्या आसपासचा किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचा बाजारही याला अपवाद नाही.

शॉक कशाने बसतो

दुरुस्तीचे कारण समजण्यासाठी धोक्याचे स्वरूप आधी ध्यानात घ्यावे लागते. भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झची असते. तिच्या तीन तारांपैकी फेज ही दाब असलेली तार, न्यूट्रल ही प्रवाह परत नेणारी तार आणि अर्थ ही जमिनीशी जोडलेली संरक्षक तार होय. माणसाचे शरीर फेज आणि जमीन यांच्यामध्ये आले की शरीरातून प्रवाह वाहू लागतो, आणि इजा किती होणार हे त्या प्रवाहाचे मान, तो किती वेळ वाहिला आणि शरीरातील कोणत्या मार्गाने गेला यांवर ठरते. अर्धा मिलिअँपिअर प्रवाहाने मुंग्या आल्यासारखे वाटते, दहा मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडून हातातली वस्तू सोडता येईनाशी होते, आणि तीस मिलिअँपिअरच्या पुढचा प्रवाह छातीतून काही काळ वाहिला तर हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. शरीराचा रोध सर्वसाधारणपणे एक ते दोन हजार ओम धरला, तर २३० व्होल्टला शरीरातून सुमारे ११५ ते २३० मिलिअँपिअर प्रवाह जाऊ शकतो. हात घामेजलेले असतील तर याहूनही अधिक. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालांनुसार अलीकडच्या वर्षांत देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी बारा हजारांहून अधिक माणसे दगावली आहेत. त्यांत शेतावरच्या, घरांतल्या आणि कारखान्यांतल्या सर्व प्रकारच्या दुर्घटना येतात. पण विजेच्या धोक्याला किरकोळ समजू नये, इतके तरी या आकड्यावरून स्पष्ट व्हावे.

येथे एक व्यापक गैरसमज दूर करायला हवा. घरातील एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह वाहताच आपोआप पडणारा स्विच, माणसाला शॉकपासून वाचवतो असे अनेकांना वाटते. सहा अँपिअरची एमसीबी सहा हजार मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह विनातक्रार वाहू देते, आणि माणूस त्याच्या पन्नासाव्या भागानेही दगावू शकतो. एमसीबी आणि फ्यूज ही तारांची आणि यंत्रांची राखणदार साधने आहेत. माणसाच्या रक्षणाची व्यवस्था वेगळी करावी लागते आणि तिचा पाया अर्थिंग हा आहे.

पहिली दुरुस्ती: अर्थिंग

धातूची पेटी असलेल्या उपकरणात फेजची तार सुटून पेटीला टेकली, तर अर्थ जोडलेली असल्यास मोठा प्रवाह अर्थमधून निघून जातो आणि संरक्षक साधन वीज तोडते. अर्थ नसल्यास पेटी तशीच दाबाखाली राहते आणि हात लावणाऱ्याची वाट पाहते. सोल्डरिंग स्टेशनच्या बाबतीत पेटीइतकेच महत्त्व हातातल्या दांडीच्या धातूच्या टोकाला आहे, कारण ते टोक थेट सर्किटला आणि कधी बोटांना लागते. जपानच्या हाक्को कंपनीच्या टी-१२ प्रकारच्या टोकांवर आधारलेली जी स्वस्त स्टेशने बाजारात आहेत, त्यांच्या अनेक नमुन्यांत अर्थची तार मागच्या सॉकेटपर्यंत येऊन थांबते, पेटीला किंवा टोकाला ती जोडलेलीच नसते. काही नमुन्यांत ती स्क्रूने पेटीवर दाबलेली दिसते, परंतु खाली रंगाचा किंवा अ‍ॅनोडाइझ केलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा थर असल्याने विद्युतजोडणी होत नाही. अ‍ॅनोडाइझ करणे म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर कठीण ऑक्साइडचा थर चढवणे, आणि हा थर विजेला रोखतो.

दुरुस्ती सोपी आहे. जेथे लग बसवायचा तेथील रंग किंवा थर खरवडून धातू उघडा करावा, हिरव्या-पिवळ्या तारेच्या टोकाला गोल लग दाबून बसवावा आणि दातेरी वॉशर, स्क्रू व नट यांनी तो घट्ट आवळावा. तारेचे टोक सोल्डरने भिजवून स्क्रूखाली दाबण्याची सवय टाळावी, कारण दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरते आणि जोडणी सैल पडते. पेटीचे पुढचे व मागचे झाकण स्वतंत्र पत्र्याचे असेल तर प्रत्येक पत्र्याला वेगळी अर्थ द्यावी. आतली अर्थची तार फेज आणि न्यूट्रलपेक्षा थोडी लांब ठेवावी, म्हणजे कॉर्डला ओढ बसून तारा तुटल्याच तर अर्थ सर्वांत शेवटी तुटते. टोकापर्यंतची जोडणी दांडीच्या कनेक्टरमधील अर्थच्या पिनेतून न्यावी. उत्तम प्रतीच्या स्टेशनांत टोक आणि अर्थ यांच्यामधला रोध दोन ओमच्या आत असतो, तेच लक्ष्य येथेही ठेवावे.

अर्थचा आणखी एक उपयोग कारागिराच्या थेट फायद्याचा आहे. या स्टेशनांत बहुधा एसएमपीएस, म्हणजे उच्च वारंवारतेवर चालणारा हलका पॉवर सप्लाय, असतो आणि त्यात विद्युत गोंगाट रोखण्यासाठी छोटे कपॅसिटर घरगुती विजेच्या बाजूशी जोडलेले असतात. अर्थ नसेल तर त्यांच्यामुळे पेटीवर आणि टोकावर शंभर व्होल्टच्या आसपास तरंगता दाब राहू शकतो. २.२ नॅनोफॅरडच्या एका कपॅसिटरमधून २३० व्होल्टला जेमतेम ०.१६ मिलिअँपिअर प्रवाह जातो, त्यामुळे माणसाला फार तर हलकी झिणझिणी जाणवते. परंतु ज्या मॉसफेटची गेट वीसेक व्होल्टच्या पलीकडे तग धरत नाही, तो भाग या दाबाने निकामी होऊ शकतो. ग्राहकाचा बोर्ड दुरुस्तीच्या टेबलावर अनाकलनीय रीतीने बिघडतो, त्यामागे कधी कधी हेच कारण असते.

ही सारी मेहनत प्लगपाशी वाया जाऊ शकते. चपट्या पिनांचा परदेशी प्लग टू-पिन अडॅप्टरमध्ये घालून वापरला, किंवा थ्री-पिन प्लगची जाड पिन काढून टाकली, की अर्थ संपली. आयएस १२९३ या भारतीय मानकाप्रमाणे बनवलेल्या थ्री-पिन प्लगमध्ये अर्थची पिन जाड आणि लांब असते ती एवढ्यासाठीच की, प्लग घालताना ती सर्वांत आधी टेकावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. म्हणून मूळ कॉर्ड बदलून आयएसआय चिन्हाचा थ्री-पिन प्लग आणि तीन तारांची कॉर्ड बसवणे हे पहिले काम समजावे. स्वस्त कॉर्डमध्ये तांब्याचा मुलामा दिलेल्या लोखंडी तारा आढळतात. अशा कॉर्डला लोहचुंबक चिकटतो, तांब्याच्या कॉर्डला चिकटत नाही, आणि ही चाचणी दुकानात उभ्या उभ्या करता येते.

दुसरी आणि तिसरी दुरुस्ती: फ्यूज आणि स्विच

अनेक स्वस्त ब्लोअरमध्ये आणि सोल्डरिंग स्टेशनांत फ्यूज नसतोच, किंवा चुकीच्या क्षमतेचा असतो. आत शॉर्ट सर्किट झाले तर अशा वेळी केवळ घराच्या एमसीबीचा आधार उरतो, आणि ती पडण्याआधी बारीक तारा किंवा बोर्डावरची तांब्याची पट्टी जळू शकते. फ्यूजची क्षमता यंत्राच्या वॅटवरून काढता येते: ७५ वॅटचे सोल्डरिंग स्टेशन २३० व्होल्टला सुमारे ०.३३ अँपिअर घेते, त्याला एक अँपिअरचा सावकाश उडणारा फ्यूज पुरतो. ७०० वॅटचा ब्लोअर सुमारे तीन अँपिअर घेतो, त्याला पाच अँपिअरचा फ्यूज योग्य ठरतो. सावकाश उडणारा फ्यूज सुचवण्याचे कारण असे की, एसएमपीएस सुरू होताना क्षणभर मोठा प्रवाह खेचतो आणि झटपट उडणारा फ्यूज त्यानेच जाण्याचा संभव असतो. फ्यूज नेहमी फेजच्या तारेत आणि वीज पेटीत शिरते तेथेच असावा. काचेचा लहान फ्यूज मोठ्या शॉर्ट सर्किटमध्ये कमी पडतो, म्हणून वाळू भरलेला सिरॅमिक फ्यूज वापरावा. सॉकेट, फ्यूज आणि स्विच एकत्र असलेला तयार भाग बाजारात मिळतो. पेटीच्या मागच्या पत्र्यात त्याला बसेल असे भोक पाडले की दोन्ही दुरुस्त्या एकदम होतात.

स्विचचा दोष फसवा असतो. बाजारात ८५८डी या नावाने मिळणाऱ्या ब्लोअरच्या अनेक नमुन्यांत पुढचे बटण न्यूट्रलची तार तोडते किंवा केवळ आतील नियंत्रण बंद करते. त्यामुळे दिवा विझतो, पंखा थांबतो, पण तापणाऱ्या तारेवर फेज तशीच उभी राहते. बटण बंद आहे म्हणून दांडी उघडणाऱ्याला त्याचा धक्का बसू शकतो. आपल्याकडे टू-पिन प्लग उलटा घालता येतो आणि जुन्या घरांतील सॉकेटमध्ये फेज व न्यूट्रलची अदलाबदल झालेली आढळते, म्हणून केवळ फेज तोडणाऱ्या स्विचवरही पूर्ण विसंबता येत नाही. यावर खात्रीचा उपाय म्हणजे दोन्ही तारा एकदम तोडणारा डबल पोल स्विच. तो बसवल्यावरही यंत्र उघडण्यापूर्वी प्लग काढण्याची शिस्त मोडू नये.

ब्लोअरच्या बाबतीत आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. दांडी स्टँडमध्ये ठेवली की आतील चुंबकीय स्विच तापणे थांबवतो आणि तापमान शंभर अंशांच्या खाली येईपर्यंत पंखा चालू ठेवतो. ही क्रिया पूर्ण होण्याआधी मुख्य स्विच बंद केला, तर साठलेली उष्णता दांडीचे प्लास्टिक आणि तारांचे आवरण खराब करते. शिवाय तापणाऱ्या तारेचा प्रवाह नियंत्रित करणारा ट्रायॅक हा भाग बिघडला की बहुधा शॉर्ट होतो, म्हणजे तापणे थांबण्याऐवजी पूर्ण शक्तीने चालू राहते. म्हणून ब्लोअर चालू ठेवून जागेवरून उठू नये आणि मुख्य स्विच हाताच्या अंतरावर असावा. कोणतीही दुरुस्ती या सवयीची जागा घेऊ शकत नाही.

चौथी दुरुस्ती: अंतर आणि आवरण

पॉवर सप्लायच्या बोर्डावर एका बाजूला घरगुती वीज आणि दुसऱ्या बाजूला हाताला लागू शकणारा कमी व्होल्टेजचा भाग असतो. या दोहोंमधील अंतर पाच ते आठ मिलिमीटर असणे अपेक्षित असते. स्वस्त बोर्डांवर ते कधी दोन मिलिमीटरवर आलेले दिसते. कोरड्या हवेत ते चालून जाईल, परंतु फ्लक्सचे अवशेष आणि धूळ दमट हवेत ओलावा धरतात आणि त्यांच्यावरून प्रवाहाला वाट मिळते. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या हवेत हा धोका बेंगळुरूपेक्षा अधिक आहे. दोन्ही भागांमध्ये बोर्डाला खाच पाडणे, फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन काढणे आणि दोन्ही बाजूंना जोडणारा कपॅसिटर प्रमाणित वाय-१ प्रकारचाच असल्याची खात्री करणे हे त्यावरचे उपाय आहेत. वाय-१ प्रकारचा कपॅसिटर अशा रीतीने बनवलेला असतो की त्याचे शॉर्ट होणे जवळजवळ टळते. साधा कपॅसिटर त्या जागी शॉर्ट झाला तर घरगुती वीज थेट हातातल्या टोकावर येते.

बोर्डाच्या खालून बाहेर आलेले सोल्डरचे टोकदार भाग धातूच्या पेटीला टेकण्याच्या बेतात असणे हा आणखी एक नेहमीचा दोष आहे. ते कापून बोर्डाखाली मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळणारा लेदरॉइड कागद घालावा. पेटीत पडलेले सोल्डरचे कण आणि सुटे स्क्रू काढावेत, प्रत्येक उघड्या जोडावर श्रिंक ट्यूब चढवावी, आणि कॉर्ड पेटीत शिरते तेथे केबल ग्लँड बसवावा, म्हणजे ओढ आतल्या जोडांवर येत नाही. ज्यांचे विजेचे स्क्रू उघडे असतात असे जाळीदार पॉवर सप्लाय तर पेटीत बंद केल्याशिवाय टेबलावर येऊच नयेत. गरम टोक टेकले की साधी पीव्हीसीची कॉर्ड वितळते, म्हणून दांडीची तार सिलिकोन आवरणाची असावी आणि स्टँड कलंडणार नाही इतका जड असावा.

खोलीची अर्थ आणि आरसीसीबी

यंत्र निर्दोष झाले तरी खोलीतील अर्थ नाममात्र असेल तर उपयोग नाही. बेंगळुरू ज्या कठीण प्राचीन खडकावर वसले आहे, त्याचे दर्शन लालबागेतील प्रसिद्ध टेकडीवर होते. तो सुमारे तीनशे कोटी वर्षांपूर्वीचा आहे. असा खडक आणि त्यावरची कोरडी माती विजेला मोठा रोध करते, आणि महाराष्ट्रातील बेसाल्टच्या पठारावरही खडकाळ जागी हीच अडचण येते. समजा इमारतीच्या अर्थचा रोध वीस ओम आहे, तर फेज पेटीला टेकल्यावर साडेअकरा अँपिअरच प्रवाह वाहील आणि सोळा अँपिअरची एमसीबी पडणार नाही. पेटी मात्र दाबाखाली राहील. अर्थचा खड्डा वेळोवेळी तपासणे, माती ओली ठेवणे आणि गंजलेल्या जोडण्या बदलणे हे आयएस ३०४३ या अर्थिंगविषयक भारतीय मानकाचा आधार घेऊन जाणकार वायरमनकडून करून घ्यावे.

याच कारणाने आरसीसीबी आवश्यक ठरते. जुन्या बोलीत तिला ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून परत आला की नाही हे ती सतत ताडून पाहते, आणि तीस मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या अल्पांशात वीज तोडते. अर्थ दुबळी असली तरी आरसीसीबी काम करते. मात्र एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरणाऱ्याला ती वाचवू शकत नाही, कारण तेव्हा गळती होतच नाही. तिच्यावरचे चाचणीचे बटण ठरावीक काळाने दाबून पाहावे, कारण वर्षानुवर्षे न पडलेली आरसीसीबी आतून अडकलेली असू शकते.

कारागिरांच्या टेबलावरचा सिरीज बल्ब, म्हणजे यंत्राच्या मार्गात जोडलेला शंभर वॅटचा जुन्या पद्धतीचा दिवा, हे नवी दुरुस्ती पहिल्यांदा चालू करण्याचे उत्तम साधन आहे. आत शॉर्ट असेल तर दिवा प्रखर पेटतो आणि प्रवाह ०.४३ अँपिअरवर अडतो, म्हणून यंत्र जळत नाही. परंतु ०.४३ अँपिअर म्हणजे ४३० मिलिअँपिअर, हे विसरता कामा नये. सिरीज बल्ब यंत्राला वाचवतो, माणसाला वाचवत नाही.

तपासणीचा क्रम

दुरुस्ती संपल्यावर प्लग काढलेल्या अवस्थेत मल्टिमीटरने प्लगच्या अर्थ पिनेपासून पेटीच्या प्रत्येक पत्र्यापर्यंतचा आणि टोकापर्यंतचा रोध मोजावा. मीटरच्या तारांचा रोध वजा करता पेटीसाठी तो एक ओमच्या आत आला पाहिजे. त्यानंतर स्विच चालू ठेवून, फेज व न्यूट्रल एकत्र जोडून, त्यांचा अर्थशी असलेला रोध ५०० व्होल्टच्या मेगरने मोजावा. मेगर हे इन्सुलेशन तपासण्याचे यंत्र असून बहुतेक वायरमनकडे ते मिळते. निर्दोष यंत्रात हा रोध अनेक मेगाओम येतो. एक मेगाओमच्या खाली आला तर यंत्र वापरू नये. मग सिरीज बल्बमधून वीज द्यावी आणि शेवटी आरसीसीबी असलेल्या सॉकेटवर यंत्र थेट चालवावे. नुसता टेस्टर लावून निर्णय करू नये, कारण तरंगत्या दाबानेही त्याचा दिवा लागतो. यंत्र उघडताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: एसएमपीएसमधील मोठा कपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भरलेला असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ तसाच राहू शकतो, म्हणून तो रिकामा झाल्याचे मीटरने पाहिल्याशिवाय आत हात घालू नये.

धूर आणि शिसे

सुरक्षितता विजेपाशी संपत नाही. कथील आणि शिसे यांचे ६०:४० प्रमाणातील सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागते, आणि सोल्डरिंगच्या नेहमीच्या तापमानाला शिशाची वाफ फारशी होत नाही. दिसणारा धूर मुख्यतः फ्लक्समधील राळेचा असतो आणि दीर्घकाळ श्वासात गेल्यास तो दम्याला कारण होतो. शिसे पोटात जाते ते हातांवाटे. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात शिशाच्या विषबाधेसाठी राष्ट्रीय संदर्भ केंद्र उभे राहिले, आणि १९९९ मध्ये याच शहरात या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषदही भरली. लहान मुलांच्या मेंदूवर होणारा शिशाचा परिणाम हा अशा कामाचा गाभा राहिला आहे. संगणकातला बारा व्होल्टचा पंखा आणि सक्रिय कोळशाची जाळी यांपासून धूर ओढणारे साधन घरीच करता येते. त्याहून सोपे म्हणजे सोल्डरिंगच्या टेबलावर काही न खाणे, काम संपल्यावर साबणाने हात धुणे आणि लहान मुलांना त्या टेबलापासून दूर ठेवणे.

जेथे दुरुस्ती करू नये

प्रत्येक स्वस्त हत्यार सुधारता येत नाही, हे मान्य केले पाहिजे. स्वस्त मल्टिमीटरवर ६०० व्होल्टचा किंवा उच्च सुरक्षा श्रेणीचा शिक्का असला तरी, आतला काचेचा फ्यूज, फ्यूजच नसलेली दहा अँपिअरची खाच, तारांचे पातळ आवरण आणि बोर्डावरची अपुरी अंतरे पाहता मुख्य विजेच्या पॅनेलवर त्याचा उपयोग करणे धोक्याचे आहे. फ्यूज बदलून ही उणीव भरून येत नाही, कारण दोष पूर्ण रचनेतच असतो. असे मीटर बॅटरीवरच्या सर्किटपुरते ठेवावे आणि घरगुती विजेसाठी विश्वासार्ह कंपनीचे मीटर घ्यावे. ज्या यंत्राच्या ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन संशयास्पद आहे, ज्याच्या आत जळाल्याच्या खुणा आहेत किंवा जे मेगरच्या चाचणीत नापास झाले आहे, ते दुरुस्त करून दुसऱ्याला विकू नये. अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावे. ज्याला फेज आणि न्यूट्रल ओळखता येत नाही, त्याने ही कामे स्वतः शिकण्याच्या भरात करू नयेत.

या विषयाचा भार एकट्या ग्राहकावर टाकणेही न्यायाचे नाही. आयात करणाऱ्यांनी थ्री-पिन प्लग आणि अर्थ दिलेलाच माल मागवावा. विक्रेत्यांनी मल्टिमीटरने अर्थ मोजून दाखवण्याची पद्धत रूढ करावी. त्याला मिनिटभरही लागत नाही. आयटीआय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी पहिल्या सत्रातील पहिल्या प्रयोगात विद्यार्थ्याला स्वतःच्या सोल्डरिंग स्टेशनची अर्थ तपासायला लावावी, कारण तेथे लागलेली सवय पुढे शेकडो दुकानांत जाते. आणि वाचकांपैकी ज्यांच्या टेबलावर असे हत्यार आज चालू आहे, त्यांनी ते बंद करून प्लग काढावा, अर्थच्या पिनेपासून टोकापर्यंतचा रोध मोजावा, आणि जोडणी सापडेपर्यंत ते हत्यार पुन्हा विजेला लावू नये.